हौद्याचा तळ झाकावा की उघडा ठेवावा?

मृगाच्या आधी नांगर, वखर, पाभर यांची डागडुजी करून ठेवण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. पाभरीचे फण झिजले आहेत काय, वखराची पास बोथटली आहे काय, हे पाहण्यास कोणा शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु ज्या वाहनावर आज आपली निम्मीअधिक ने-आण चालते, त्या पिकअपच्या किंवा लहान टेम्पोच्या हौद्यात पावसाळ्यापूर्वी वाकून पाहणारे किती असतील? इंजिनाचे तेल बदलले जाते, चाकांत हवा भरली जाते, काचेवर गंध-फुलेही चढतात. मात्र ज्या पत्र्यावर खतापासून कांद्यापर्यंत सारा संसार लादला जातो, त्याची आठवण तो फुटल्यावरच होते. या पत्र्याच्या रक्षणाविषयी अलीकडे जी एक समजूत रूढ झाली आहे ती आम्हांस चुकीची वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ती समजूत अशी की, नवी गाडी दारी आली की प्रथम तिचा तळ झाकून टाकावा. जाड रबरी मॅट, प्लायवूड, नक्षीचा चेकर पत्रा, ज्याला जे परवडेल ते त्याने हौद्यात बसवावे, चारी बाजूंनी स्क्रूंनी पक्के करावे आणि पुढील दहा वर्षे निर्धास्त राहावे. आमचे म्हणणे असे आहे की, या निर्धास्तपणातच तळाचा नाश आहे.

आमच्या स्वतःच्या गाडीची हकिगत सांगतो. गाडी घेतली तेव्हा एका दुकानदाराने आग्रहाने रबरी मॅट बसवून दिली. मॅट उत्तम होती, हे कबूल केले पाहिजे. आजही ती आमच्या गोठ्यात गाईंच्या पायाखाली आहे आणि कोठे फाटलेली नाही. तीन पावसाळे त्या मॅटवरून खताची पोती गेली, कांदा गेला, दुधाचे कॅन गेले, कधी शेणखतही गेले. वरून पाणी मारले की मॅट काळीभोर दिसे आणि आम्ही समाधान पावत असू. चौथ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास विहिरीवरची मोटर दुरुस्तीस नेताना ती हौद्यात ठेवली, तो मॅट तेवढ्या जागी खाली खचली. स्क्रू काढून मॅट उचलली, तेव्हा खाली पांढुरक्या चिखलाचा थर होता आणि त्याखाली पत्र्याचे पापुद्रे हाताने निघत होते. दोन ठिकाणी तर खालची जमीन दिसत होती. वेल्डरकडे नेल्यावर त्याने पत्रा बोटाने ठोकून पाहिला आणि ठिगळ कशाला जोडू, असे विचारले. त्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढचा निम्मा तळ नवा घालावा लागला.

याच्या उलट आमच्या शेजाऱ्यांची गाडी आमच्याहून जुनी. तिच्या तळावर कसलेच आच्छादन नाही. पत्र्याला इतके पोचे आहेत की ओतलेले पाणी दहा ठिकाणी साचावे. रंग जागोजाग खरवडलेला, त्यावर तपकिरी छटा आलेली. दिसावयास ती गाडी अगदी गबाळी. परंतु हातोडीने ठोकून पाहिले तर पत्रा खणखणीत वाजतो. शेजारी काही विशेष करीत नाहीत. माल उतरला की झाडू मारतात, पाणी मारतात आणि फाळका पाडून गाडी उन्हात उभी करतात. आमचा झाकलेला तळ गेला आणि त्यांचा उघडा तळ टिकला, याचे कारण शोधल्याविना आम्हांस चैन पडेना.

कारण शोधू गेल्यास फार खोल नाही. लोखंड गंजण्यास पाणी आणि हवेतील प्राणवायू दोन्ही लागतात. पाण्यात क्षार मिसळले की काम झपाट्याने होते. उघड्या पत्र्यावर पडलेले पाणी तासा-दोन तासांत उडून जाते आणि गंजण्याची क्रिया थांबते. मॅटखाली शिरलेले पाणी मात्र आठवडेच्या आठवडे तेथेच राहते. कडेने त्यास हवा मिळत राहते, मधल्या भागात ती कमी पडते. आणि हवेच्या या कमी-अधिकपणामुळेच आच्छादनाखालच्या सांदीत पत्रा खोल खड्डे पडून कुरतडला जातो. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापणारा पदार्थ आहे. तो फुगतो, वरचा रंग उचलतो आणि रंगाखाली पाण्यास नवी वाट करून देतो. पिकावरचा तांबेरा आपण बांधावरून ओळखतो. हा तांबेरा मात्र मॅट उचलल्याखेरीज दिसत नाही.

त्यातून शेतकऱ्याच्या गाडीवर पडणारे पाणी कधी निव्वळ पाणी नसते. पोत्यांच्या शिवणींतून युरियाचे दाणे गळतात. ३० अंश सेल्सिअस तापमानास हवेतील सापेक्ष आर्द्रता ७२-७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागतो. आणि आपल्या पावसाळ्यात आर्द्रता त्याहून खाली असण्याचे दिवस थोडेच. दोन खते एकत्र मिसळली तर ही मर्यादा आणखी खाली उतरते, आणि हौद्याच्या कोपऱ्यात सगळ्याच खतांचे सांडलेले दाणे एकत्र येतात. म्हणजे पाऊस नसतानाही तळ ओला राहण्याची ही पक्की व्यवस्था झाली. पोटॅश म्हणून आपण जे घेतो ते बहुधा म्युरेट, म्हणजे पोटॅशियमचे क्लोराइड, मिठाचे सख्खे भावंड. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास क्लोरीन असते आणि क्लोराइडाइतका लोखंडाचा वैरी दुसरा नाही. सुपर फॉस्फेट आणि अमोनियम सल्फेट यांचे द्रावण आम्लधर्मी. दूध सांडून आंबले की आम्ल होते, उसाचा रस आंबला की आम्ल होते. कोकणातल्या बंधूंच्या गाडीवर मासळीचे खारे पाणी गळते, त्याविषयी तर बोलावयासच नको. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असला म्हणजे काळजी मिटली, असेही कोणी समजू नये. जस्त स्वतः झिजून लोखंडास वाचविते हे खरे, परंतु या आम्लांपुढे आणि क्षारांपुढे तेही लवकर संपते.

आता कोणी म्हणतील की, मग काय तळ उघडाच ठेवावा? दगड, लोखंडी अवजारे, ट्रॅक्टरचे सुटे भाग नेताना पत्र्यास पोचे पडतात, रंग निघतो, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे. आच्छादन मुळीच नको असे आमचे म्हणणे नाही. जे आच्छादन आठवड्यातून एकदा एका माणसास किंवा दोघांस उचलता येणार नाही, ते नको, एवढेच आमचे म्हणणे आहे. रबरी मॅट घ्यावी, पण दोन किंवा तीन तुकड्यांत घ्यावी आणि स्क्रू न मारता सुटी अंथरावी. खाली बारीक गुठळ्या किंवा खाचा असलेली मॅट सपाट मॅटपेक्षा बरी, कारण तिच्या खालून पाणी वाहून जाऊ शकते.

चेकर पत्र्याचा मोह मोठा असतो, कारण तो दिसतो भक्कम. पण त्याचे वजन कोणी मोजतो काय? लोखंडी पत्रा दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो भरतो. हौदा अडीच मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरला, तर ३ मिलिमीटरच्या पत्र्याचे वजन शंभर किलोंच्या वर जाते. म्हणजे डीएपीची दोन पोती गाडी जन्मभर रिकामी असतानाही वाहात राहणार, त्यांचे डिझेल आपण देणार, आणि तेवढा माल प्रत्येक खेपेस कमी भरावा लागणार. बारा मिलिमीटरचे प्लायवूड त्याच मापाला पस्तीस किलोंच्या आसपास जाते. पोच्यांपासून तेही पुरेसे रक्षण करते. ॲल्युमिनियमची चादर हलकी खरी. पण लोखंडास चिकटून खारट पाण्यात राहिली की दोन धातूंच्या संगतीने तिचीच झीज सुरू होते. आणि या सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे स्क्रूची भोके. कारखान्यात पत्र्यावर जो रंग चढविलेला असतो तो भोकाच्या कडेला नसतो. वीस स्क्रू मारले म्हणजे गंजास वीस दरवाजे उघडून दिले. भोक पाडणे अटळच असेल तर त्याच्या कडांस जस्तयुक्त प्राइमर लावल्याशिवाय स्क्रू बसवू देऊ नये, आणि कारागीर घाईत असला तरी आपण घाई करू नये.

फवारून बसविण्याचे जाड लेपही आता मिळतात. ते पत्र्यास चिकटूनच राहात असल्याने खाली सांद उरत नाही, हा त्यांचा खरा गुण. पण नव्या, कोरड्या आणि खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावरच तो गुण दिसतो. गंज लागलेल्या तळावर लेप देणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईस रंग देण्यासारखे आहे.

काही ठिकाणी तळास काळे ऑइल फासण्याची चाल आहे. स्वस्तातले औषध म्हणून ती पसरली असावी. आम्हांस ती मुळीच पसंत नाही. त्यावर धूळ आणि खत चिकटून लगदा होतो, खालच्या बाजूस लावले तर रबरी भाग फुगून खराब होतात, आणि इंजिनात जळलेल्या तेलातील घातक द्रव्ये वर ठेवलेल्या भाजीस लागतात ती निराळीच.

प्रत्यक्ष निगा फार थोडक्यात सांगता येते. खत उतरल्यावर प्रथम कोरडा झाडू मारावा, पाणी मागाहून. आधीच पाणी मारले तर दाणे विरघळून फटीफटीत जातात. झाडलेले दाणे उकिरड्यावर टाकावेत, ते वायाही जात नाहीत. मग भरपूर पाणी मारावे, विशेषतः केबिनच्या पाठीमागच्या दोन कोपऱ्यांत आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांपाशी. निचऱ्याची भोके काडीने मोकळी करावीत; ती बहुधा कांद्याच्या पातीने व मातीने बुजलेली सापडतात. त्यानंतर गाडीचे तोंड चढाकडे करून, फाळका पाडून, ती उन्हात उभी करावी, म्हणजे तळाच्या पन्हाळ्यांतील पाणी आपोआप मागे ओघळते. पाण्याचा मारा खालच्या बाजूसही द्यावा. हौद्याच्या आडव्या पट्ट्यांवर साठलेला चिखल महिनोन्महिने ओला असतो, आणि पुष्कळ तळ वरून नव्हे तर खालून फुटतात. वर्षातून दोनदा, रोहिणीत आणि दिवाळीनंतर, सर्व आच्छादन काढून जेथे रंग गेला असेल तेथे तारेच्या ब्रशाने गंज खरवडावा, प्राइमरचे अस्तर द्यावे आणि वर रंगाचे दोन हात मारावेत. एका दिवसाचे काम आहे.

येथवर आम्ही पत्र्याच्या किमतीविषयी लिहिले. परंतु हौद्याच्या तळाचा प्रश्न केवळ पत्र्याचा असता तर इतका मजकूर लिहिण्याची आवश्यकता नव्हती. पत्रा फुटला तर पैसे जातात. याच तळावरून त्याहून मोठा अनर्थ होऊ शकतो.

सकाळी कृषी सेवा केंद्रातून कीटकनाशकाचे खोके येते, दुपारी त्याच हौद्यात टोमॅटो किंवा मोकळा कांदा भरला जातो. लासलगावच्या बाजारात कांदा मोकळाच येतो; कांदा आणि तळ यांच्यामध्ये काही नसते. बाटलीचे बूच सैल होते, डबा कोपऱ्यात चेपतो, चार थेंब सांडतात. उघड्या पत्र्यावर ते दिसतात आणि पुसता येतात. मॅटखाली गेले तर दिसत नाहीत. आणि लाकडात मुरले तर कितीही धुतले तरी पुरते निघत नाहीत. प्लायवूडची आम्ही वर भलामण केली आहे, तिला ही मोठी मर्यादा आहे, आणि ती सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. ज्या हौद्यात लाकूड आहे त्यात विषारी औषध उघड्यावर कधीच ठेवू नये.

हे भय कल्पनेतले नव्हे. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसे मेली. पीठ आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकाच जहाजातून आले होते, आणि वाटेत औषध गळून पिठात मुरले होते. कोणी जाणूनबुजून विष कालविले नव्हते. एकाच तळावर दोन माल ठेवले गेले होते, इतकेच. त्या प्रकरणानंतर झालेल्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. अन्नधान्याशी किंवा पशुखाद्याशी थेट संपर्क येईल अशा रीतीने कीटकनाशक वाहू नये, साठवूही नये, असे ते नियम सांगतात. गळती झाल्यास विषबाधा होऊ न देण्याची जबाबदारीही वाहणाऱ्यावर आणि साठविणाऱ्यावर टाकतात. आपण आपल्याच गाडीतून औषध आणतो तेव्हा वाहणारेही आपणच आणि साठविणारेही आपणच, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

त्याच तळावर माणसेही बसतात. मालाच्या गाडीत माणसे बसविणे कायद्यास मंजूर नाही, हे आम्ही जाणतो, आणि आमचे वाचकही जाणतात. तरी खुरपणीच्या आणि तोडणीच्या दिवसांत मजूर बायका सकाळी हौद्यात बसून शेतावर येतात, मांडीवर लेकरू असते, ते रांगते, तळास हात लावते आणि हात तोंडात घालते. पुष्कळ औषधे अंगाच्या कातडीतूनही शरीरात शिरतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना कित्येक शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्या वेळी फवारणाऱ्यांच्या हातमोज्यांची आणि मुखपट्ट्यांची चर्चा झाली, ती योग्यच होती. गाडीच्या तळाची चर्चा मात्र आम्ही अद्याप कोठे ऐकली नाही.

यास उपाय अगदी साधा आहे. झाकणाचा एक प्लास्टिकचा पेटारा गाडीत कायम ठेवावा. विषारी औषध जे यावयाचे ते त्यातून यावे, आणि त्या पेटाऱ्यात दुसरे काही ठेवू नये. त्यातूनही सांडलेच तर लगेच पाणी ओतू नये. कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्यावे, हातास मोजे असावेत, आणि तो भुसा विहिरीपासून, ओढ्यापासून व गुरांच्या वाटेपासून दूर, खोल पुरावा. नंतरच साबणाच्या पाण्याने तळ धुवावा. ते धुणे ज्या मॅटवर सांडले ती मॅट पुन्हा खाण्याच्या मालाखाली घालू नये, मग ती कितीही नवी असो. असे लिहिताना आमच्या गोठ्यातील ती मॅट आम्हांस आठवली. तिच्यावर कधी काय सांडले होते याची नोंद आमच्यापाशी नाही, म्हणून हा लेख छापावयास धाडण्यापूर्वीच ती आम्ही गाईंच्या पायाखालून काढली आहे.

एक अडचण उरते, ती भाड्याच्या गाड्यांची. ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी वरीलप्रमाणे केले तरी निम्मा माल भाड्याच्या टेम्पोतून जातो. त्या चालकास दिवसात चार खेपा मारावयाच्या असतात. त्याने प्रत्येक खेपेनंतर तळ धुवावा अशी अपेक्षा करणे सोपे, पण तो धुणार कोठे? बाजाराच्या आवारात पाणी आहे तर उतार नाही, उतार आहे तर ते पाणी वाहून नाल्यात जाते. आमची सूचना अशी की, ज्या ज्या सहकारी सोसायटीचे खताचे गोदाम आहे तिने गोदामाच्या बाजूस एक उताराचा सिमेंटचा ओटा बांधावा. एक गाडी उभी राहील एवढाच पुरे. वर नळ, खाली गाळ धरणारा खड्डा, आणि ते पाणी ओढ्यास मिळणार नाही अशी सोय. खर्च एका गाडीचा हौदा नव्याने बसविण्याच्या खर्चाहून फार मोठा येईल असे वाटत नाही. आणि तो शेकडो सभासदांत वाटला जाईल. ओटा झाल्यावर सोसायटीने आपले खत वाहणाऱ्या गाड्यांस एवढीच अट घालावी की, पोती उतरताच गाडी ओट्यावर जाईल आणि धुतल्याविना आवाराबाहेर पडणार नाही. खरेदीदार कांद्याचा एकेक नग हातात घेऊन पारखतो. तो ज्या तळावरून आला तो तळ पाहण्याचा अधिकार मालधन्यासही असला पाहिजे, आणि माल भरण्यापूर्वी ‘मॅट उचला’ असे चालकास सांगण्यात कोणी संकोच करू नये.